वेगळं राहण्याचे तीन महिने

बेसो घर सोडून गेला तेव्हा त्याची बॅग रोदिकानेच भरली. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. बनियन, मोजे, बंदरावर कामाला घालायचे कपडे, दाढीचं सामान. त्याचा टूथब्रश तिने आधी राहू दिला होता, मग तोही बॅगेत टाकला. जायचंच आहे तर पुरतं जावं, असं तिला वाटलं. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तसंच सांगितलं होतं. तीन महिने दोघांचे पत्ते वेगळे.

दीड वर्ष ती धर्म शिकायच्या वर्गाला जात होती. दिवसभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायचं, भरवायचं, निजवायचं आणि संध्याकाळी पाय ओढत वर्गात जाऊन बसायचं. मार्चमध्ये, पुरीमच्या सणाआधी, रब्बींच्या पीठासमोर तिची परीक्षा झाली. तीन रब्बींनी तासभर प्रश्न विचारले आणि शेवटी मधल्याने हसून मान हलवली. आता राहिलं होतं ते फक्त विधीचं स्नान. त्या स्नानातून ती ज्यू होऊन बाहेर येणार होती आणि लगेच बेसोशी तिचं धर्माप्रमाणे लग्न लागणार होतं. तसं ते दोघं चार वर्षांपूर्वी सायप्रसला जाऊन नोंदणीने लग्न करून आले होते, पण ते रब्बींच्या हिशेबात धरलं जात नव्हतं. आणि स्नानाआधी नवरा-बायकोने तीन महिने वेगळं राहायचं. मूल ज्यू की नाही ते आईवरून ठरतं, म्हणून पोटात काही असलंच तर ते आधीचं की नंतरचं, याची शंका उरायला नको.

वर्गातल्या बायका यावर कुरकुरल्या होत्या. रोदिकाला मात्र ते पटलं. मोल्दोव्हात, बाल्त्सीच्या डेअरीत, ती दुधाचे नमुने तपासायची. तिथेही नवा नमुना घालण्याआधी भांडं धुऊन दुधाशिवाय एक कोरी चाचणी घ्यायचीच, नाहीतर कालचं दूध आजच्या दुधात मोजलं जायचं. कुणीतरी इतक्या काटेकोरपणे आपल्या पोटाचा विचार करतंय, याचं तिला बरंच वाटलं होतं.

घोळ होता तो दुसऱ्या बाजूने. तिच्या राहण्याच्या परवान्याचं हे शेवटचं वर्ष होतं. देशाच्या नागरिकाशी लग्न केलं की परवाना वर्षावर्षाने वाढत जातो आणि शेवटी नागरिकत्व मिळतं, पण दर वर्षी कचेरीत दाखवावं लागतं की हा संसार खरा आहे, दोघं एका छपराखाली राहतात. परवाना जूनच्या सुरुवातीला संपत होता. स्नान त्यानंतर आठवड्याभराने. रब्बींना दोघं वेगळे हवे होते, कचेरीला एकत्र.

खालच्या मजल्यावरची ल्युबा यावर पोट धरून हसायची. तिच्या नवऱ्याचा आजोबा ज्यू होता. तेवढ्यावर ती नवऱ्याबरोबर युक्रेनहून आली आणि विमानतळावरच हातात कागद घेऊन बाहेर पडली. जन्मात तिने कधी शुक्रवारची मेणबत्ती लावली नव्हती.

"तुझा क्रम चुकला," ती रोदिकाला म्हणायची. "आधी नवरा करायचा, मग विमान. तू आधी विमानात बसलीस."

रोदिका आली होती एका म्हाताऱ्या जॉर्जियन बाईची देखभाल करायला. त्या घरातला एसी बिघडला म्हणून तेव्हा एसी दुरुस्तीचं काम करणारा बेसो आला, आणि मग एसी काही बिघडलेला नसतानाही येत राहिला.

बेसो आता आईकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. त्याची आई नानुली हे वेगळेपण इतकं मनावर घेईल असं कुणाला वाटलं नव्हतं. नानुलीचे वडील जॉर्जियात, कुताइसीच्या सिनेगॉगमध्ये हखाम, म्हणजे तिथले धर्मगुरू, होते. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती रोदिकाच्या घरी पाणीसुद्धा प्यायली नाही. उंबऱ्याच्या आत यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, मुलाचं तोंड बघायची आणि जायची. रोदिका वर्गाला जायला लागली तेव्हा ती एक दिवस नवीन पातेल्यांचे दोन संच घेऊन आली, दूध आणि मटण एकत्र चालत नाही म्हणून एक दुधाचा, एक मटणाचा, आणि तिने न विचारता रोदिकाचं सगळं स्वयंपाकघर लावून दिलं. त्या दिवशी जाताना तिने रोदिकाला पहिल्यांदा 'गोगो' म्हटलं. त्यांच्याकडे घरातल्या पोरीला म्हणतात तसं. रोदिकाही तिला बेसोसारखी 'देदा' म्हणू लागली, आई या अर्थाने. पण नानुली तिच्याकडे बघून कधी हसली नव्हती, आणि आपल्याबद्दल तिच्या मनात काय आहे ते रोदिकाला कधी कळलं नव्हतं.

"देदा रात्री बाहेरच्या दाराची किल्ली उशाखाली ठेवते," बेसोने फोनवर सांगितलं. "मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"ती तुला ओळखून आहे," रोदिका म्हणाली.

ते दोघं समुद्रावरच्या बाकावर भेटायचे, भर गर्दीत, मधे सूर्यफुलाच्या बियांची पुडी ठेवून. एकांत नको, असं रब्बींनी बजावलं होतं. बेसो बिया सोलून तिच्या बाजूला ठेवायचा आणि ती एकेक उचलायची. तिला ते दिवस वाईट गेले असं म्हणता येत नव्हतं. नव्याने लग्न ठरल्यासारखं वाटत होतं.

वल्हांडणाचा सण होऊन गेल्यावर एका संध्याकाळी कचेरीची बाई आली. न सांगता येतात, हे रोदिकाला ठाऊक होतं, पण पहिली तीन वर्षं कुणी आलं नव्हतं. बाईचं नाव गालित. आखूड केस, पायात बूट, सोबत फोटो काढणारा एक गप्प माणूस. तिने कपाट उघडायला सांगितलं. कपाटाची एक बाजू रिकामी. न्हाणीघरात एकच ब्रश. पलंगावर एक उशी.

रोदिकाने काही लपवलं नाही. परीक्षा, तीन महिने, स्नान, लग्न, सगळं सांगितलं. गालितने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"प्रत्येक घरी मला एक गोष्ट ऐकायला मिळते," ती म्हणाली. "नवरा लष्कराच्या ड्युटीवर, नवरा आजारी आईपाशी, नवऱ्याला धुळीची ॲलर्जी. तुमची गोष्ट चांगली आहे. पण मी जे दिसतं ते लिहिते. मी परत येईन. तेव्हा काय दिसतं ते बघू."

रोदिकाने फोन केला बेसोला, पण तो वाजला नानुलीच्या कानाशी. संध्याकाळच्या वेळी फोनही तिच्याच ताब्यात असायचा. रोदिकाला सगळं तिलाच सांगावं लागलं. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. रोदिकाच्या मनात आलं, आता ती म्हणेल, बरं झालं. चार वर्षं जे जमलं नाही ते कचेरीने करून टाकलं. मुलगा माझ्या घरी आहेच, तू तुझ्या देशात जा.

"परत येणार म्हणाली?" नानुलीने विचारलं.

"कधीही येऊ शकते."

"मग तो तिथे दिसला पाहिजे. उद्या घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, मागे बेसो दोन बॅगा घेऊन. एक त्याची, एक तिची. रोदिका बघतच राहिली. नानुलीने गॅसवर चहाचं पाणी ठेवलं आणि मग सांगितलं. एकांत मना आहे, घर मना नाही. घरात तिसरं माणूस जागतं असलं की एकांत होत नाही. कुताइसीत तिच्या वडिलांनी असंच केलं होतं. एक शिंपी आणि त्याची रशियन बायको, दोघांना एकच खोली, दुसरी कुठून आणणार? वडिलांनी त्यांच्या घरात एका विधवा आत्याला तीन महिने झोपवलं आणि मग विधी केला. कुणी नाव ठेवलं नाही.

"रब्बींना विचारायचं का?" रोदिका म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? माझ्या घरात हे मी लहानपणापासून बघितलंय."

रोदिकाने विचारलं नाही. ती चूक पुढे तिला कितीतरी वेळा आठवली. एक फोन करायचा होता. पण नानुली आपल्या घरी बॅग घेऊन राहायला आली, या एका गोष्टीनेच ती इतकी भारावली होती की दुसरं काही सुचलं नाही.

तर मग झोपायची व्यवस्था अशी झाली. बेसो बाहेरच्या खोलीत सोफ्यावर. आतल्या पलंगावर रोदिका आणि दाराच्या बाजूला नानुली. सोफा आखूड होता, बेसोचे पाय बाहेर लोंबायचे. सकाळी तो मान चोळत उठायचा आणि बंदरावर जायचा. ल्युबाला कळलं तेव्हा ती जिन्यात अडवून म्हणाली, "माझी सासू नुसती एका देशात असून मला पुरून उरते. तुझी तर एका पांघरुणात आहे."

पण पांघरुणातली नानुली वेगळीच निघाली. शुक्रवारी दुपारी दोघी लोबिओच्या उसळीसाठी राजमा निवडत बसल्या होत्या. खडे कमी निघाले म्हणून नानुली दुकानदाराची तारीफ करत होती, आणि त्याच सुरात, दाण्यांवरची नजर न हलवता, तिने सांगितलं की बेसोच्या आधी तिची तीन मुलं गेली. दोन पोटात, एक पाळण्यात. पाळण्यातल्याचं नाव इलो होतं.

"लोकांना वाटतं मला तू नको होतीस," ती म्हणाली. "मला नातू हवाय. आपला म्हणता येईल असा. मी गेल्यावर माझ्यासाठी बेसो प्रार्थना म्हणेल, पण बेसोनंतर आम्हा दोघांसाठी म्हणायला कुणीतरी लागतं. तू एकोणचाळीसची आहेस. मी मोजत नाही असं समजू नकोस."

रोदिकाने मान हलवली. ती स्वतःही मोजत होती. गेल्या दीड वर्षात तिलाही त्या मेणबत्त्या, ते आशीर्वादाचे शब्द, शनिवारचं ते काहीच न करणं आवडायला लागलं होतं. एके काळी ते केवळ परवान्यासाठी, सासूसाठी केलेलं काम होतं, आता नव्हतं.

गालित आली ती पहाटे, उजाडता उजाडता. बेसोने दार उघडलं, अंगात बनियन, केस उभे. त्याला पाहून तिच्या चेहऱ्यावर किंचित समाधान आलं. मग तिने सोफ्यावरची चादर पाहिली. मग ती आत गेली. पलंगावर रोदिका उठून बसलेली, आणि तिच्या शेजारी लांब झग्यात, डोक्याला रुमाल बांधत असलेली नानुली.

नानुली बिचकली नाही. तिने गालितला बसायला सांगितलं आणि राखणीचा सगळा नियम समजावला, वडिलांच्या नावासकट, शिंपी आणि त्याच्या रशियन बायकोसकट.

"म्हणजे नवरा सोफ्यावर," गालित म्हणाली, "आणि बायकोच्या शेजारी सासू."

"हो. अगदी बरोबर."

गालितने फोटो काढणाऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

"बाई, मी पुष्कळ खोटी लग्नं पाहिली आहेत," ती म्हणाली. "खोट्या लग्नातसुद्धा लोक आम्ही यायच्या वेळी एका पलंगावर असतात."

बेसोला हसू आलं आणि ते त्याने खोकल्यात दडवलं. रोदिकाला हसू आलं नाही. गालित काही दुष्ट नव्हती. जाताना ती म्हणाली की मला तुमच्यावर विश्वास ठेवायला आवडेल, पण मला कागद हवा. रब्बींनी लिहून द्यावं की हे त्यांच्या सांगण्यावरून चाललंय. सुनावणीला तो कागद आणा.

परीक्षेतल्या त्या मधल्या रब्बींनी रोदिकाला लगेच भेटायला बोलावलं. ते थकलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. कागद देतो म्हणाले, त्यात काय. लिहायला सुरुवात करता करता त्यांनी सहज विचारलं, नवरा अजून आईकडेच आहे ना?

हो म्हटलं असतं तर त्या बोलण्याने कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण ज्या माणसासमोर आपण ज्यू होणार त्याच्याशीच खोटं बोलून सुरुवात करायची, हे तिला जमेना. तिने सोफा सांगितला, राखण सांगितली.

रब्बींनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, तुमच्या सासूबाईंचे वडील विद्वान असतील, आणि ती सोय नडलेल्या माणसासाठी होतीही. पण आम्ही वेगळे पत्ते सांगितले होते. तुम्हाला दुसरं घर होतं. ते सोडून एकत्र आलात, तर आता मी कशाच्या आधारावर सही करू? पुन्हा पहिल्यापासून मोजा. आज तो आईकडे गेला तर आजपासून तीन महिने. काही फार नाही, मुली, तीनच महिने.

त्यांनी कागद दिला. त्यात जे खरं होतं ते लिहिलं होतं: या बाईची परीक्षा झाली आहे, आणि आजपासून तीन महिने पती-पत्नीने वेगळं राहायचं आहे.

घरी आल्यावर तिने तो वाचून दाखवला. नानुली खुर्चीत बसून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "चूक माझी." एवढंच. मग उठून आपली बॅग भरायला लागली आणि बेसोलाही म्हणाली, चल, आजच निघू, म्हणजे आजचा दिवस धरला जाईल. सुनावणीत बाईला कागद दाखवू, ती काही दगडाची नाही.

बेसो रोदिकाकडे बघत होता. त्याचं नेहमीचं होतं, आई आणि बायको यांच्यामध्ये तो एखाद्या दाराच्या चौकटीसारखा उभा राहायचा. तो गेला. रोदिकाने त्याला अडवलं नाही.

सुनावणी पुढच्याच आठवड्यात होती. कचेरीच्या बाकावर तिघं बसले. नानुलीने शनिवारचा काळा पोशाख घातला होता. आत टेबलामागे गालितच होती. तिने रब्बींचा कागद दोनदा वाचला.

"म्हणजे आता तुम्ही आणखी तीन महिने वेगळे राहणार," ती म्हणाली.

"धर्मासाठी," नानुली मधेच म्हणाली. "संसार मोडायला नाही, जोडायला."

"मला कळतंय, बाई. माझी आजीही रोज प्रार्थना करायची. पण हे बघा." गालितने कागद फिरवून त्यांच्यासमोर धरला. "परवाना संपतोय पंधरवड्यात. वाढवायचा तर मला लिहावं लागतं की हे दोघं एका घरात नवरा-बायको म्हणून राहतात. तुम्ही मला जो कागद आणून दिलाय त्यात लिहिलंय, राहत नाहीत आणि राहणारही नाहीत. एका रब्बीच्या सहीने. मी हा कागद फाइलला लावला की माझ्या हातात काही उरत नाही. वर जाईल, आणि वरून काय येईल ते मी सांगू शकते. देश सोडा म्हणून."

"आणि लावला नाही तर?" बेसोने विचारलं.

गालितने कागद टेबलाच्या मध्यावर ठेवला, ना आपल्या बाजूला, ना त्यांच्या.

"मी एक प्रश्न विचारते," ती म्हणाली. "तुम्ही नवरा-बायको म्हणून एकत्र राहता का? बायकोला विचारतेय."

रोदिकाला नानुलीचा श्वास ऐकू येत होता, त्या पहिल्या दिवशी फोनवर आला होता तसा. वेगळे राहिलो असं म्हटलं तर तीन महिन्यांनी स्नान, पण त्याआधीच विमान. बाल्त्सीत बसून कुठल्या पाण्यात उतरणार ती? आणि एकत्र राहतो म्हटलं तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, कोण जाणे कधी. कागद हातात आल्यावर, नागरिकत्व मिळाल्यावर, आणखी वर्षाने. तोवर चाळिशी. आणि मधे मूल झालंच तर ते नानुलीच्या हिशेबात धरलं जाणार नव्हतं.

तिने हात पुढे केला, रब्बींचा कागद उचलला आणि घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला.

"आज रात्रीपासून," ती म्हणाली. "आज रात्रीपासून राहतो."

गालितने तिच्याकडे नीट पाहिलं. मग मान खाली घालून लिहायला लागली. परवाना सहा महिन्यांसाठी वाढला, मध्ये पुन्हा घरी तपासणी, या अटीवर.

बसमध्ये नानुली खिडकीशी बसली आणि रोदिका तिच्या मागे. बेसो उभाच राहिला, जागा असूनही.

नानुली त्यांच्याबरोबर घरी आली, कारण तिची पांघरुणं तिथे राहिली होती. तिने चादर झटकली, घडी केली, उशीचा अभ्रा काढला. रोदिका दाराशी उभी होती. मदत करावी की नाही ते तिला कळत नव्हतं.

"तू मला विचारायला हवं होतंस," नानुली म्हणाली, पाठमोरी.

"तिथे?"

"तिथे. सगळ्यांसमोर. मान वळवून एकदा विचारायचंस, देदा, काय करू."

"तुम्ही काय म्हणाला असतात?"

नानुलीने अभ्रा पिशवीत कोंबला. बराच वेळ ती गाठ मारत राहिली.

"नाही म्हणाले असते," ती म्हणाली. "तू गेली असतीस, आणि मी बेसोचं तोंड बघत बसले असते. तरी नाहीच म्हणाले असते. पण विचारायचंस."

बेसोने पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने ती त्याच्या हातात दिली नाही.

"तू इथे थांब," ती त्याला म्हणाली. "तुझं घर इथे आहे म्हणून लिहिलंय त्या कचेरीतल्या बाईने."

ती जिना उतरत असताना तिच्या चपलांचा आवाज प्रत्येक मजल्यावर थोडा थांबत होता. गुडघ्यांमुळे असेल. रोदिका कठड्यावरून वाकून बघत होती. तिला खाली धावत जावंसं वाटलं. आत बेसोने सोफ्यावरची उशी उचलून पलंगावर नेऊन ठेवली होती आणि तो पलंगाच्या कडेवर बसला होता, बूट न काढता, एखाद्या पाहुण्यासारखा.

"शुक्रवारी येईल का ती?" रोदिकाने विचारलं.

"माहीत नाही," बेसो म्हणाला.

रोदिकाने खालचं दार बंद झाल्याचं ऐकलं. मग ती आत आली आणि तिने कडी लावली.